तोंडाच्या कर्करोगात प्रथिनांचं जाळं कसं बदलतं? सोलापुरात बसून पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

सोलापुरात लाइफ सायन्सेसची एम.एस्सी. करताना प्रोजेक्टचं सेमिस्टर आलं की एक गोष्ट लवकर कळते. अँटीबॉडी, पेशींचं कल्चर, मास स्पेक्ट्रोमेट्री हे सगळं आपल्या खिशाबाहेरचं आहे. मग गाईड सांगतात, कॉम्प्युटरवर होईल असं काहीतरी घ्या. त्यात हमखास पुढे येणारा विषय म्हणजे निरोगी आणि रोगग्रस्त ऊतींतल्या प्रथिनांच्या जाळ्यांची तुलना. जाळं म्हणजे प्रत्येक प्रथिन हा एक बिंदू, आणि दोन प्रथिनांचा संबंध असला की त्यांच्यामध्ये एक रेघ, म्हणजे जोडणी. डेटा फुकट, सॉफ्टवेअर फुकट आणि चित्र देखणं.

अडचण अशी की दोन जाळी शेजारी ठेवली की फरक सापडतोच. दोन्ही गट निरोगी माणसांचे असले तरी सापडतो. म्हणून 'मला इतक्या जोडण्या बदललेल्या दिसल्या' या वाक्याला एकट्याने काही किंमत नाही. त्यातला किती फरक रोगामुळे आला आणि किती तुमच्या कटऑफमुळे, नमुन्यांमुळे, फाईलच्या निवडीमुळे आला, हे सांगता आलं तर प्रोजेक्ट झाला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरण मुद्दाम तोंडाच्या कर्करोगाचं घेतलंय. विड्या वळणाऱ्या बायकांच्या या शहरात मिश्री, तंबाखू-चुना आणि गुटखा काय करतात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय या आजाराचा सार्वजनिक डेटाही बरा आहे. स्तनाचा किंवा यकृताचा कर्करोग घेतलात तरी पायऱ्या याच राहतील.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. त्याहून कमी असेल तर गूगल कोलॅबवर काम करा, फुकटच्या खात्यात भागतं.
- आर आणि आरस्टुडिओ, किंवा पायथन. आरमध्ये डीईसेक२ आणि आयग्राफ ही पॅकेजं लागतील, पायथनमध्ये नेटवर्कएक्स.
- जाळ्याचं चित्र काढणारं सायटोस्केप, पण फक्त शेवटच्या चित्रासाठी.
- मंजूर झालेली सिनॉप्सिस आणि गाईडची सही. फक्त सार्वजनिक, ओळख पुसलेला डेटा वापरणार असं सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा आणि त्यासाठी विभागाला काही पत्र लागतं का ते आधीच विचारून घ्या.
- एक वही. कुठली फाईल, कुठली आवृत्ती, कोणत्या तारखेला उतरवली, हे त्याच दिवशी लिहायचं.

'सिव्हिलमधून चार बायोप्सी मिळतील, त्याही घालू' असं कुणी सुचवलं तर हात जोडा. रुग्णाचा नमुना म्हटला की संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हे सगळं आलं. एका सेमिस्टरमध्ये ते बसत नाही, आणि चार नमुन्यांवर जाळं उभंही राहत नाही.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

'कर्करोगातील प्रथिनांच्या जाळ्याचा अभ्यास' हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: 'तोंडाच्या गाठीत आणि त्याच माणसाच्या शेजारच्या निरोगी ऊतीत, एकमेकांना प्रत्यक्ष चिकटणाऱ्या प्रथिनांच्या कोणत्या जोड्यांचा ताळमेळ बदलतो?' यात ऊती ठरली, तुलना कुणाशी ते ठरलं, जोडणी कोणत्या प्रकारची तेही ठरलं. ताळमेळ म्हणजे दोघांची पातळी एकत्र वरखाली होणं. यातलं एक जरी मोकळं सोडलंत तर पुढे डेटा तुमच्यासाठी ते ठरवतो, आणि सहसा चुकीचं ठरवतो.

पायरी २ : जोडण्यांची मूळ यादी निवडा

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. निरोगी तोंडातल्या जोडण्यांची एक फाईल आणि गाठीतल्या जोडण्यांची दुसरी, अशा दोन फाइली कुठेतरी तयार मिळतील असं वाटतं. तसं नसतं. हुरी नावाचा २०२० चा मोठा संच घ्या: ८,२७५ प्रथिनं, सुमारे ५३ हजार जोडण्या, आणि त्या शोधल्या यीस्टच्या पेशींत मानवी प्रथिनं घालून. बायोप्लेक्सच्या जोडण्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या दोन मानवी पेशीमालिकांत मोजल्या, एक भ्रूणाच्या मूत्रपिंडापासूनची आणि दुसरी आतड्याच्या कर्करोगाची. म्हणजे यादी सांगते की ही दोन प्रथिनं एकत्र आली तर चिकटू शकतात. तुमच्या मोबाइलमध्ये दोघांचे नंबर आहेत एवढंच त्यातून कळतं. आज ते दोघं गावात आहेत का आणि बोलतात का, हे ऊतीच्या डेटावरून ठरवायचं.

बहुतेक जण स्ट्रिंग हा प्रथिन-जोडण्यांचा सार्वजनिक डेटाबेस वापरतात, आणि ते चालेल. मात्र काही गोष्टी आधी बघून घ्या.

स्ट्रिंगच्या साध्या फाईलमध्ये प्रत्यक्ष चिकटणाऱ्या जोड्या आणि नुसता कामाचा संबंध असलेल्या जोड्या एकत्र असतात. प्रत्यक्ष जोडण्यांची वेगळी फाईल तिथेच मिळते, ती घ्या.

गुण ० ते १००० असतात. ४०० म्हणजे मध्यम, ७०० म्हणजे उच्च, ९०० म्हणजे अत्युच्च खात्री. ९५० गुणांची जोडणी ५०० गुणांच्या जोडणीपेक्षा 'घट्ट' असते असं लिहू नका. तो गुण पुराव्याच्या खात्रीचा आहे, पकडीच्या जोराचा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. स्ट्रिंगच्या एकूण गुणात शोधनिबंधांतल्या मजकुरावरून काढलेला पुरावाही मिसळलेला असतो, आणि एकत्र एक्स्प्रेशनचाही. एक्स्प्रेशन म्हणजे जनुक किती सक्रिय आहे, त्याचा आरएनए किती बनतो ते. कर्करोगाच्या निबंधांत दोन नावं वारंवार शेजारी आली की त्यांच्यात जोडणी तयार होते. मग तुम्ही कर्करोगाच्या डेटात तीच जोडणी 'शोधता'. हे गोल फिरणं टाळायला फक्त प्रायोगिक पुराव्याचा रकाना वापरा. गाईड विचारतील, इतक्या कमी जोडण्या का? हेच उत्तर द्या.

आणखी एक: माणसाची पूर्ण फाईल एक कोटीहून जास्त ओळींची आहे आणि एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर थांबतं. फाईल उघडल्यासारखी दिसते, पण खालचा भाग आत आलेलाच नसतो. शिवाय प्रत्येक जोडी दोनदा लिहिलेली असते, एकदा अ-ब आणि एकदा ब-अ. त्यातली एक काढली नाहीत तर सगळे आकडे दुप्पट येतात.

पायरी ३ : ऊतींचा डेटा निवडा

टीसीजीए या अमेरिकेच्या सार्वजनिक कर्करोग-डेटा प्रकल्पाच्या डोकं-मान कर्करोगाच्या संचात गाठींचे ५०० हून जास्त नमुने आहेत आणि शेजारच्या निरोगी ऊतीचे ४४. नमुन्याच्या लांबलचक क्रमांकात ०१ म्हणजे मूळ गाठ, ११ म्हणजे निरोगी ऊती, ०६ म्हणजे दुसरीकडे पसरलेली गाठ. ०६ बाजूला काढा. एक्स्प्रेशनचे काउंट, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या आरएनएचे किती तुकडे मोजले ते आकडे, कुणालाही उतरवता येतात. मूळ सीक्वेन्सच्या फाइलींना मात्र वेगळी परवानगी लागते, आणि तुम्हाला त्यांची गरज नाही.

या संचात जीभ, गालाचा आतला भाग, हिरड्या आणि स्वरयंत्र सगळं एकत्र आहे. प्रश्न तोंडाचा असेल तर स्वरयंत्र वगळा. निरोगी नमुने आणखी घटतील, घटू द्या.

निरोगी नमुने थोडे म्हटल्यावर पुढचा मोह जीटेक्सचा, म्हणजे कर्करोग नसलेल्या ऊतींच्या एक्स्प्रेशनच्या सार्वजनिक संचाचा. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत ९४८ दात्यांचे १७,३८२ नमुने आहेत, मग तिथून निरोगी ऊती घेऊ! थांबा. एक तर जीटेक्समध्ये तोंडाच्या आतल्या त्वचेची ऊतीच नाही. लाळग्रंथी आहे, अन्ननलिकेचं अस्तर आहे. दुसरं म्हणजे ते नमुने मृत्यूनंतर घेतलेले आहेत. सगळ्या गाठी एका प्रकल्पातून आणि सगळे निरोगी नमुने दुसऱ्यातून आले तर रोगाचा फरक आणि प्रयोगशाळेचा फरक एकमेकांत असे मिसळतात की कोणतंही सॉफ्टवेअर ते वेगळे करू शकत नाही. दोन्ही संच एकाच पद्धतीने पुन्हा मोजलेल्या फाइली मिळतात, त्याने थोडं बरं होतं, पण मुळातला हा गुंता सुटत नाही. त्यापेक्षा ४४ बरे.

अर्थात 'शेजारची निरोगी ऊती' म्हणजे पूर्ण निरोगी नव्हे. तंबाखूने फक्त गाठीची जागा बिघडत नाही, आजूबाजूचं सगळं अस्तर बदलतं. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तोंडाच्याच कर्करोगावरून ही कल्पना मांडली, तिला फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात. याचा परिणाम असा की तुम्हाला दिसणारा फरक खऱ्या फरकापेक्षा कमी असू शकतो. प्रबंधात हे एका परिच्छेदात लिहा.

एचपीव्ही या कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूचीही नोंद बघा. टीसीजीएच्या २०१५ च्या अहवालातल्या २७९ गाठींपैकी ३६ एचपीव्हीच्या होत्या. या विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ नष्ट करतं आणि ई७ आरबी प्रथिनाला निकामी करतं; पी५३ आणि आरबी ही दोन्ही पेशींच्या बेलगाम वाढीला आवर घालणारी प्रथिनं. तो आजार तंबाखूच्या आजारापेक्षा वेगळ्या वाटेने जातो, म्हणून ते नमुने वेगळे ठेवा.

हे रुग्ण मुख्यतः अमेरिकेतले आहेत. आपल्याकडच्या गाल-हिरड्यांच्या कर्करोगावर कल्याणीची (पश्चिम बंगाल) एनआयबीएमजी आणि नवी मुंबईची ॲक्ट्रेक या संशोधन संस्थांनी २०१३ मध्ये मोठं काम प्रसिद्ध केलं. टीपी५३ (पी५३ प्रथिनाचं जनुक), सीएएसपी८, एफएटी१, नॉच१ यांच्याबरोबर यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ ही जनुकंही त्यात पुढे आली. चर्चेच्या प्रकरणात तुमची यादी या यादीशेजारी ठेवा.

पायरी ४ : नावं जुळवा

कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे प्रोजेक्ट इथेच गळतात. एन्सेम्बल आणि यूनिप्रॉट हे जनुकांना आणि प्रथिनांना क्रमांक देणारे डेटाबेस. टीसीजीएमध्ये जनुकाचा एन्सेम्बल क्रमांक असतो, स्ट्रिंगमध्ये प्रथिनाचा, आणि तिसरीकडे यूनिप्रॉटचा. एन्सेम्बल क्रमांकातल्या टिंबापुढचा आवृत्तीचा आकडा काढल्याशिवाय काहीच जुळत नाही. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट२ आणि मार्च१ या नावांच्या तारखा होतात. याच त्रासापायी २०२० मध्ये त्यांची नावं सेप्टिन२ आणि मार्चएफ१ अशी बदलली, पण जुन्या फाइलींत जुनी नावं अजून आहेत. किती प्रथिनं जुळली नाहीत तो आकडा वहीत लिहा.

पायरी ५ : दोन जाळी बांधा

दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता हजेरीचा. ज्या जनुकाचं एक्स्प्रेशन १ टीपीएमच्या (दर दहा लाखांत किती, असं एक्स्प्रेशनचं माप) वर, ते ऊतीत 'आहे'. जोडणीची दोन्ही टोकं हजर असतील तर जोडणी ठेवायची. सोपं आहे, पण निकाल सहसा निराश करतो. मानवी प्रोटीन ॲटलासच्या २०१५ च्या कामात सुमारे ४४ टक्के जनुकं तपासलेल्या सगळ्या ऊतींत सापडली होती. मग एकाच तोंडाच्या दोन नमुन्यांत बहुतेक जाळं सारखंच निघणार. शिवाय सीमारेषेचा घोळ: निरोगी ऊतीत ०.९ आणि गाठीत १.१ असलेलं प्रथिन 'नवीन आलं' असं मोजलं जातं, आणि त्याच्या वीस-पंचवीस जोडण्याही त्याच्याबरोबर 'नव्या' होतात. कटऑफ ०.५, १ आणि २ असा तीनदा बदलून बघा. तिन्हींत टिकणाऱ्या जोडण्याच यादीत ठेवा.

दुसरा रस्ता ताळमेळाचा, आणि माझं मत याच्या बाजूने आहे. मूळ जाळं तेच ठेवायचं, आणि प्रत्येक जोडीसाठी दोन्ही जनुकांच्या एक्स्प्रेशनचं कोरिलेशन निरोगी नमुन्यांत एकदा आणि गाठींत एकदा काढायचं. सगळ्या वीस हजार जनुकांच्या सगळ्या जोड्या न घेता फक्त प्रत्यक्ष चिकटणाऱ्या जोड्या घेतल्या, तर चाचण्यांची संख्या आटोक्यात राहते आणि लॅपटॉपही रडत नाही.

इथे सापळा आकड्यांचा आहे. हिशेबासाठी ४४ च धरतो; स्वरयंत्र वगळून तुमचे कमी उरले असतील तर तिथे तुमचा आकडा घाला. ४४ नमुन्यांत कोरिलेशन ०.३० च्या आसपास गेलं की ते ५ टक्क्यांच्या पातळीवर सिग्निफिकंट ठरतं. ५०० नमुन्यांत तेच ०.०९ ला ठरतं. म्हणजे दोन्हीकडे पी-व्हॅल्यूची एकच अट लावली तर गाठीचं जाळं आपोआप दाट दिसतं, आणि प्रबंधात वाक्य येतं: 'कर्करोगात जाळ्याची घनता वाढते.' ती घनता तुमच्या नमुन्यांची. उपाय असा: गाठींतूनही तेवढेच नमुने घ्या, शक्य तिथे त्याच रुग्णांचे. किंवा गाठींतून ४४ ची चिठ्ठी शंभर वेळा काढा आणि निकाल किती हलतो ते बघा.

जोडी बदलली हे ठरवताना दोन कोरिलेशन थेट वजा करू नका. फिशरचं झेड रूपांतर करा; त्याने कोरिलेशन अशा मापात येतं की वजाबाकी करता येते. दोन्हीकडे ४४ नमुने असतील तर झेडमधला फरक किमान ०.४३ हवा. समजा निरोगी ऊतीत कोरिलेशन ०.३ आणि गाठीत ०.६ आहे. डोळ्यांना हा दुप्पट फरक वाटतो. पण झेडमध्ये तो ०.३८ भरतो, म्हणजे एका जोडीपुरतंही तो सिद्ध होत नाही. आणि तुम्ही तर हजारो जोड्या तपासताय, त्यामुळे अनेक चाचण्यांत योगायोगाने निघणारे खोटे निकाल आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती लावावीच लागेल. त्यानंतर हातात थोड्याच जोड्या उरल्या तर घाबरू नका.

एक्स्प्रेशनमधला चढउतार स्वतंत्रपणे काढायचा असेल तर डीईसेक२ ला मूळ काउंट द्या. टीपीएम गोल करून देणारे भेटतात, ते चूक आहे. फाईलमध्ये दोन्ही रकाने शेजारी असतात, नीट बघून उचला.

पायरी ६ : निरोगी विरुद्ध निरोगी

ही पायरी वगळू नका, बाकी काहीही वगळलंत तरी. ४४ निरोगी नमुने चिठ्ठ्या टाकून २२-२२ असे वाटा. दोन्ही गटांची जाळी त्याच नियमांनी बांधा आणि किती जोड्या 'बदलल्या' ते मोजा. असं शंभर वेळा करा. मग २२ निरोगी आणि २२ गाठी घेऊन तेच करा. पहिला आकडा म्हणजे निव्वळ गोंगाट. दुसरा आकडा त्याच्या बराच वर असेल तरच रोगाबद्दल बोलायला जागा आहे. हे दोन आकडे एका आलेखात शेजारी दाखवले की परीक्षकांचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच मिटतात.

रात्रभर चालणारं काम आहे. वीज जाण्याचा हिशेब धरून प्रत्येक फेरीचा निकाल फाईलमध्ये साठवत जा. एप्रिलमध्ये करणार असाल तर लॅपटॉप पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, सोलापूरचं ऊन त्यालाही लागतं.

पायरी ७ : मापं काढा, पण हबच्या मागे लागू नका

डिग्री (प्रथिनाला किती जोडण्या), बिटवीननेस (इतरांमधल्या किती वाटा त्याच्यातून जातात), क्लस्टरिंग (त्याचे शेजारी आपसात किती जोडलेले) ही मापं आयग्राफ एका ओळीत देतं. मग सर्वांत जास्त जोडण्यांचं प्रथिन, म्हणजे हब, काढलं की वर येतात टीपी५३ आणि ईजीएफआर. हा शोध नाही. ज्या प्रथिनावर जगभर सर्वांत जास्त प्रयोग झाले त्याच्याच जोडण्या सर्वांत जास्त नोंदल्या जातात. डिग्री किती आहे यापेक्षा निरोगी ऊतीतून गाठीत जाताना ती किती बदलली ते सांगा. एखादा गट विशेष वाटला तर प्रत्येक प्रथिनाची डिग्री तीच ठेवून जोडण्यांची अदलाबदल केलेली हजार जाळी बनवा आणि तसा गट त्यांत किती वेळा दिसतो ते बघा.

टीपी५३ चा आणखी एक धडा आहे. तंबाखूच्या गाठींत त्याच्यात म्युटेशन असणं अगदी नेहमीचं. पण बिघडलेलं प्रथिन पेशीत असतंच, काही वेळा जास्तच साठतं. एक्स्प्रेशनवर बांधलेल्या जाळ्याला ते ठणठणीत दिसतं. तुमची पद्धत हे पकडू शकत नाही, तसं स्पष्ट लिहा.

पायरी ८ : हरवलेली प्रथिनं खरंच हरवलीत का?

गाठीत 'नाहीशा झालेल्या' गटाची यादी उघडा आणि सीकेएम, एसीटीए१, एमवायएच२ ही नावं शोधा. ही स्नायूंची जनुकं आहेत. निरोगी नमुना जिभेवरून घेतला की अस्तराखालचा स्नायूही त्यात येतो. गाठीच्या नमुन्यात तो कमी असतो. मग एन्रिचमेंटचा (यादीत कोणत्या कामाची जनुकं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत त्या चाचणीचा) निकाल सांगतो की 'कर्करोगात स्नायू आकुंचनाचं जाळं कोलमडतं'. वाक्य भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की सर्जनच्या सुरीने एकीकडे स्नायू घेतला आणि दुसरीकडे घेतला नाही.

कोरिलेशनमध्ये हेच आणखी लपून येतं. काही नमुन्यांत स्नायू जास्त, काहींत कमी. त्यामुळे सगळी स्नायू-जनुकं एकत्र वरखाली होतात आणि घट्ट गटासारखी दिसतात. गाठींत तसंच प्रतिकारशक्तीच्या पेशींचं होतं. उपाय म्हणजे स्नायूंच्या खुणा फार चढ्या असलेले नमुने वगळून पुन्हा चालवा, आणि पेशींच्या प्रमाणाचा अंदाज काढून त्याचा परिणाम वजा करा. दोन्ही निकाल द्या.

एन्रिचमेंटसाठी जी-प्रोफायलर चांगलं आहे. फक्त पार्श्वभूमी म्हणून पूर्ण जीनोम न देता तुमच्या जाळ्यात मुळात असलेली प्रथिनं द्या, नाहीतर कोणत्याही यादीत 'प्रथिनांशी जोडणी' हेच कार्य ठळक दिसेल.

पायरी ९ : चित्र आणि व्हायव्हा

सायटोस्केपमध्ये पूर्ण जाळं टाकू नका, केसांचा गुंता दिसेल. बदललेल्या जोड्या आणि त्यांचे लगतचे शेजारी एवढंच घ्या. दोन्ही चित्रांत प्रत्येक प्रथिन त्याच जागी ठेवा, नाहीतर तुलना डोळ्यांना करताच येत नाही. वर्तुळाचा आकार आणि रंग कशासाठी ते चित्राखाली लिहा.

व्हायव्हात एक प्रश्न ठरलेला असतो: 'ही जोडणी तुम्ही तोंडाच्या ऊतीत पाहिलीत का?' उत्तर नाही असंच आहे, आणि ते सरळ द्या. चिकटण्याचा पुरावा यीस्टमधला किंवा पेशीमालिकांतला, ताळमेळ आरएनएचा. आरएनए वाढला की प्रथिन तेवढंच वाढतं असंही नाही. यावर करता येण्यासारखं एक काम आहे. सीपीटॅक या कर्करोगातली प्रथिनं मोजणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाने २०२१ मध्ये एचपीव्ही नसलेल्या डोकं-मान कर्करोगाच्या १०८ रुग्णांची प्रथिनंच मोजून प्रसिद्ध केली आहेत. तुमच्या जोड्यांचा ताळमेळ तिथे प्रथिनांच्या पातळीवर टिकतो का ते बघा. मुदत संपत आली असेल तर निदान वरच्या दहा जोड्यांपुरतं तरी बघा, आणि ज्या टिकल्या नाहीत त्याही तक्त्यात ठेवा.